घरून पाठवलेले आकडे बघतं कोण?

संपादक महोदय,

मनगटावरचं घड्याळ, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं ऑक्सिमीटर, दंडावर चिकटवायचा साखरेचा सेन्सर यांवर हल्ली पुष्कळ छापून येतं. कोणतं यंत्र किती अचूक, बॅटरी किती टिकते, अ‍ॅप वापरायला सोपं आहे का, याची चर्चा होते. पण रुग्णाने घरून पाठवलेला आकडा पलीकडे कोण वाचतं आणि वाचून काय करतं, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. हृदयरुग्णाची मुलगी म्हणून मला तोच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

माझ्या वडिलांना हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे त्यांचं हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नाही. या आजारात रोजचं वजन फार मोलाचं असतं. सकाळी उठून लघवी-शौच उरकल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत काट्यावर उभं राहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नसते, अंगात पाणी साठू लागलेलं असतं. पाय सुजण्याच्या, दम लागण्याच्या आधीच बरेचदा काट्यावर ते दिसतं, आणि डॉक्टरांनी वेळेत लघवीची गोळी वाढवली तर अ‍ॅडमिट होणं टळू शकतं.

बाबांना डिस्चार्ज देताना रुग्णालयाने अ‍ॅपला जोडलेला वजनकाटा आणि बीपीचं यंत्र दिलं. एका शनिवारी वजन चढलं. अ‍ॅपवर लगेच हिरवी खूण आली: ‘माहिती पाठवली’. आई निर्धास्त झाली. डॉक्टरांना कळलंय, काही असलं तर ते फोन करतीलच, असं ती म्हणाली. रविवारी वजन आणखी वाढलं, पुन्हा हिरवी खूण. ती रात्र बाबांनी उशांना टेकून बसून काढली, कारण आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. सोमवारी सकाळी रुग्णालयातून फोन आला तेव्हा आम्ही त्यांना घेऊन तिकडेच निघालो होतो. मग कळलं की शनिवार-रविवार ते आकडे कुणीच बघत नाही. यंत्र हातात देताना हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं, ही गोष्ट मला आजही जास्त बोचते.

हा फक्त आमच्या घरचा अनुभव असता तर मी पत्र लिहिलं नसतं. अमेरिकेत हार्ट फेल्युअरच्या 1,653 रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. रुग्णांनी रोज स्वयंचलित फोनवर लक्षणं आणि वजन नोंदवायचं, अशी ती व्यवस्था होती. नोंदी तपासल्या जायच्या त्या सुट्ट्या सोडून, कामाच्या दिवशी. पुन्हा अ‍ॅडमिट होण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण त्याने कमी झालं नाही. 14 टक्के रुग्णांनी तर तो फोन एकदाही वापरला नाही. याउलट जर्मनीत दीड हजारांहून अधिक रुग्णांवर झालेला अभ्यास 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथे वजन, रक्तदाब, ईसीजी आणि ऑक्सिजनचे आकडे रोज एका केंद्रात जायचे, आणि त्या केंद्रात डॉक्टर व परिचारिका चोवीस तास हजर असायचे. अचानक अ‍ॅडमिट व्हावं लागल्याने किंवा मृत्यूमुळे गमावलेले दिवस नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत वर्षाला सरासरी 24.2 होते, तर या देखरेखीखालच्या रुग्णांत 17.8, आणि मृत्यूही कमी झाले. दोन्ही ठिकाणचे रुग्ण आणि पद्धती वेगळ्या होत्या, सरळ तुलना करता येणार नाही, हे मला मान्य आहे. तरी रात्री-अपरात्री निर्णय घेऊ शकणारं माणूस पलीकडे असणं ही किरकोळ बाब आहे, असं मला कुणी पटवू शकणार नाही.

शिवाय आकडा आला म्हणजे तो खरा, असंही नसतं. बोटाचं ऑक्सिमीटर त्वचेतून जाणाऱ्या प्रकाशावर चालतं, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर ते काही वेळा ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतं. 2020 च्या एका अमेरिकी अभ्यासानंतर तिथल्या औषध प्रशासनानेही तसा इशारा दिला. सुई न टोचता रक्तातली साखर सांगण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असं त्याच प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये बजावलं, कारण अशा एकाही उपकरणाला त्यांनी मान्यता दिलेली नव्हती. आलेला आकडा पाहून “आज कसं वाटतंय, जिना चढताना धाप लागली का?” असं विचारणारं कुणीतरी लागतं ते यासाठीच.

डॉक्टर-सिस्टरांवर मी ठपका ठेवत नाही. वॉर्डातलं काम सांभाळून शेकडो घरांतून येणारे आकडे त्यांनी बघायचे कधी? त्यात साध्या चढउतारालाही मोबाइल वाजायला लागला की खरी घंटा त्या गोंगाटात हरवते. त्यासाठी वेगळी माणसं, वेगळ्या पाळ्या आणि प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र धोक्याची मर्यादा ठरवणं हे रुग्णालयांनी करायला हवं. ते जमत नसेल तर निदान ‘चोवीस तास देखरेख’ अशी जाहिरात करू नये.

माझी मागणी अगदी साधी आहे. घरी यंत्र देताना रुग्णाच्या हाती त्याच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत एक कागद द्यावा. आकडे कोण बघणार, किती वाजता बघणार, सुट्टीच्या दिवशी कोण, किती आकडा झाला की आपणहून फोन करायचा आणि तो कुठल्या नंबरवर, आणि समोरून कुणी उचलला नाही तर किती वेळ थांबून थेट रुग्णालय गाठायचं, हे त्यावर लिहिलेलं असावं. आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांनी नुसत्या हिरव्या खुणेवर भागवू नये. माहिती कुणी आणि किती वाजता पाहिली, हे घरच्यांना दिसलंच पाहिजे. तोवर कुणी पाहिलेली नसेल, तर तेही तितकंच ठळक दिसावं.

आपली,
एक वाचक