गोळ्या बंद करायच्या नाहीत, बदलायच्या आहेत

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "त्या फिटच्या गोळ्याच बंद कर, अंगाचं दुखणं आपोआप जाईल." आणि मागून आईचा आवाज, "मी म्हणतच होते, गोळ्यांनी हाडं खाल्ली पोरीची." हा विषय निघाला की तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून लिहिते आहे. हे पत्र बाबांनी मोठ्यानं वाचावं आणि आईनं मध्ये बोलू नये.

आई, तुझा संशय खरा निघाला. दुखणं गोळ्यांमुळेच आहे. पण बाबांचा उपाय मात्र धोक्याचा आहे.

गेल्या वर्षी इतक्या वर्षांनी पुन्हा फिट आली तेव्हा एप्टॉइन या फिटच्या जुन्या गोळीच्या जोडीला रात्रीची गार्डिनल, तीही फिटचीच, सुरू झाली, हे तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर काही महिन्यांनी उजवा खांदा धरायला लागला. आधी फक्त रात्री, त्या कुशीवर वळलं की. मग दिवसाही. फळ्याच्या वरच्या भागापर्यंत हात जाईना. मी खालच्या अर्ध्यातच गणितं लिहायला लागले, तर मागच्या बाकावरची पोरं उभी राहून उतरवून घ्यायची. सातवीच्या वर्गाला त्यात गंमतच वाटली. घरी वेणी धाकटी घालून द्यायची, तीही रिबिनीसकट, नाही म्हटलं तरी. ब्लाउजचे मागचे हूक लावता येईनात म्हणून सगळे पुढून हूक असलेले शिवून घेतले. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असायची, कणीक मळायची तर गरम पाण्यात हात धरून बसावं लागायचं.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेले होते. "चाळिशी आली की बायकांचा खांदा धरतोच, शुगर तपासा," म्हणाले. शुगर नॉर्मल. दुखायची गोळी, शेक आणि व्यायाम लिहून दिला. दुसरी कुठली औषधं चालू आहेत, हे काही त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या मुलीनं. शिकून नुकतीच बाहेर पडलेली, हात वर करून घेता घेता म्हणाली, "ताई, गोळ्या कुठल्या घेता?" मी नावं सांगितली. ती म्हणाली, "मग एकदा फिटच्या डॉक्टरांनाच खांदा दाखवा."

फिटच्या डॉक्टरांनी हात थोडा वर, थोडा मागे करायला लावला आणि लगेच म्हणाले, "हे गार्डिनलचं असू शकतं." काही जणांना या औषधानं खांदा धरतो, बोटं आखडतात, तळहाताची कातडी खालून घट्ट होते. ही काही नवी गोष्ट नाही. फेनोबार्बिटोन, म्हणजे गार्डिनलमधलं औषध, फिटसाठी १९१२ पासून वापरात आहे आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९२० च्या दशकातच 'गार्डिनलचा संधिवात' असं लिहून ठेवलंय. शंभर वर्षं झाली, बाबा, आणि आमच्याकडे अजून चाळिशीच चाललीय! पण औषधालाही नावं ठेवता येणार नाहीत. स्वस्त आहे, रोज रात्री एकदाच घ्यायचं आणि आजही जगभर लाखो लोकांच्या फिट त्यानं आटोक्यात आहेत. मला सोसलं नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट निघाली ती एप्टॉइनची. कंबर, मांड्या, नडग्या ठणकतात ते दुखणं वेगळं. एप्टॉइन आणि गार्डिनल दोन्ही लिव्हरला जास्त कामाला लावतात, आणि त्या भरात लिव्हर शरीरातलं ड जीवनसत्त्वही भराभर मोडून टाकतं. ते कमी पडलं की कॅल्शियम नीट लागत नाही, हाडं मऊ पडतात आणि दुखतात. माझा ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट ९ आला. २० च्या खाली म्हणजे कमी. आता आठवड्यातून एकदा ६०,००० युनिटची पुडी दुधातून आणि रोज कॅल्शियम. पुढे सुद्धा इतरांपेक्षा जास्तच घ्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आई, तुझं कोवळं ऊन चांगलंच, पण ड जीवनसत्त्वासाठी ते पुरत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन लागतं. तेव्हा मी वर्गात असते. म्हणून पुडी.

आता बाबांसाठी. गार्डिनल एकदम सोडली तर शरीर नुसतं पहिल्यासारखं होत नाही, उलटून येतं. फिट एकामागून एक येत राहू शकतात आणि थांबतच नाहीत. त्यात माणूस दगावू शकतो. म्हणून ती हळूहळू कमी करायची, पाव-पाव गोळी, काही महिने लावून, आणि तोवर दुसरं औषध वाढवत न्यायचं. माझं लेव्हेटिरासिटॅम सुरू झालंय. त्यानं कुणाकुणाची चिडचिड वाढते म्हणे. तुमचे जावई म्हणतात, आमच्याकडे फरक कळायचा कसा?

खांदा किती दिवसांत सुटेल, याचा शब्द डॉक्टरांनी दिला नाही. गार्डिनल बंद झाल्यावर बहुतेकांचा सुटतो, पण वेळ लागतो, आणि व्यायाम सोडायचा नाही. रात्रीचं दुखणं आत्ताच कमी आहे. व्यायाम साधाच: भिंतीवर बोटांनी चढत जायचं आणि पेन्सिलीनं खूण करायची. स्वयंपाकघराची भिंत रेघांनी भरलीय, दिवाळीला रंग द्यायचा म्हणतोय.

आई, तू पाठवलेलं निर्गुंडीचं तेल लावते, शेकही घेते, त्याला डॉक्टरांची ना नाही. पोटात घ्यायचं काही मात्र पाठवू नकोस. मामांनी सांगितलेली ती पुडी तर मुळीच नको, 'फिट कायमची बंद, सांधेदुखीही जाते' वाली. फिटसाठी जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये तपासणीत फेनोबार्बिटोन सापडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे जे कमी करायला मी एवढी खटपट करतेय, तेच किती आहे हे न कळता पुन्हा पोटात! दुखायच्या गोळ्यांचंही तसंच. शेजारच्या काकांना ट्रामाडॉलनं आराम पडला असेल, पण त्यानं फिट यायची शक्यता वाढते. मला पॅरासिटामॉल सांगितलंय, आणि तेही मोजून. औषधाच्या दुकानात मी आता आधी "मला फिटची गोळी चालू आहे" म्हणते, मग पुढचं बोलते. दुकानात चार लोक वळून बघतात. बघू देत.

त्यावरून आणखी एक. आत्याला तुम्ही सांगितलंत की मी जिन्यात पडले म्हणून खांदा दुखतो. का? लग्नाच्या वेळीही मामांनी भीती घातली होती, फिट असल्याचं कळलं तर लग्नच कायद्यानं मोडेल म्हणून. हिंदू विवाह कायद्यातला तो फिटचा, म्हणजे 'एपिलेप्सी' हा शब्द १९९९ साली काढून टाकलाय. आणि ह्यांना मी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. मग आता लपवायचं कुणापासून? आत्या आली की मी स्वतः सांगणार आहे. फिट आली तर कुशीवर करायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्यायचं, हे तिलाही माहीत असलेलं बरं.

आणि आई, 'आम्हीच लहानपणी गोळ्या सुरू केल्या' हे आता पुन्हा म्हणू नकोस. त्या गोळ्यांवर मी बीएड केलं, दोन बाळंतपणं झाली, घर झालं. गोळ्या नसत्या तर काय झालं असतं, ते मिरजेच्या वॉर्डात तू स्वतः पाहिलंयस.

बाबा, एक काम आहे. माझी जुनी फाइल कपाटात वरच्या खणात, एलआयसीच्या कागदांखाली असेल. मिरजेच्या डॉक्टरांची पहिली चिठ्ठी आणि मेंदूचा पहिला आलेख (ईईजी) त्यातच आहे. कुठली गोळी कधी सुरू झाली, किती वाढवली, हे इथल्या डॉक्टरांना हवंय. कुरिअर करू नका, गहाळ होईल. पुढच्या महिन्यात येणारच आहात तेव्हा बरोबर आणा. तोवर प्रत्येक पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. उजेडात काढा, मागच्या वेळी तुमचा अंगठाच आला होता. आणि त्याच दिवशी तुम्हा दोघांचीही ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घेऊ. सकाळची वेळ मी घेऊन ठेवते.

तुमची लेक