सगळ्यांना कशाला, म्हणालास ना

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू म्हणालास की ज्याला खरंच गरज आहे त्यालाच सरकारने द्यावं, पैसेवाल्यांच्या पोरांना भत्ते कशाला, आणि वर हेही की मुळात लोकच लबाड, आधी त्यांची मानसिकता बदलायला हवी. आणि बाळ झाल्यावर बापाला मिळणारी रजा तू आठवडाभरच घेणार, असंही. मी गप्प बसले कारण फोनवर वाद झाला की तू आवाज चढवतोस आणि मी फोन ठेवते. म्हणून लिहितेय, सावकाश वाच.

तुझ्या आजीला एक तुटपुंजी मदत मिळायची, मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. त्यासाठी दरवर्षी एका कचेरीत जाऊन आपण अजूनही गरीबच आहोत हे दाखवावं लागायचं. आजोबांचं घड्याळ ती एरवी हातातून काढायची नाही, पण त्या दिवशी दाराबाहेर थांबून काढायची आणि माझ्या मुठीत द्यायची, म्हणायची बाहेर आलं की दे. घड्याळ दिसलं की खिडकीतला माणूस विचारणार, हे कुठून आलं? आता सांग, ती लबाड होती का? नियमच असा होता की प्रामाणिक बाईलाही लपवाछपवी करावी लागायची, आणि मग त्या खिडकीतल्या माणसाला वाटायचं की सगळेच काहीतरी लपवतात. त्याचंही फार चुकत नव्हतं म्हणा.

हे फक्त आपल्या घरातलं नाही. ब्रिटनमध्ये १९३१ साली बेकारांच्या भत्त्यासाठी अख्ख्या कुटुंबाची मिळकत तपासायला सुरुवात झाली, तपासनीस घरात येऊन सामानसुमान बघायचे, मुलाचा पगार धरून बापाचा भत्ता कापायचे. मग कमावती पोरं घर सोडून दुसरीकडे राहायला लागली, नाहीतर बापाचा भत्ता जायचा. त्या तपासणीचा राग लोकांच्या मनात पुढे कितीतरी वर्षं होता. १९४२ चा बेव्हरिज अहवाल, म्हणजे तिथल्या सरकारी विम्याचा आराखडा, लोकांनी उचलून धरला त्यामागे हाही राग होता, कारण त्यात सांगितलं होतं की सगळ्यांनी वर्गणी भरायची आणि वेळ आली की हक्काने घ्यायचं, कुणी घरात डोकावायचं नाही.

फिनलंडचा तो बाळंतिणीचा डबा तुला माहीत असेल, बाळाचे कपडे, चादरी वगैरे भरलेला पुठ्ठ्याचा खोका. १९३८ मध्ये सुरू झाला तेव्हा फक्त गरीब आयांना मिळायचा. १९४९ पासून सगळ्यांना, अट एवढीच की गरोदरपणात वेळेत डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात जाऊन तपासून घ्यायचं. नुसत्या गरिबांचा डबा असता तर घरी आलेल्याला तो दिसू नये म्हणून कपाटावर गेला असता बघ. सगळ्यांना मिळतो म्हटल्यावर त्यात लाज कसली, आणि तो बंद करायचा विषय काढलाच कुणी तर चिडणाऱ्यांत वकिलीणही असणार आणि झाडूवालीही.

माझं म्हणणं इथेच आहे. तू समजतोस की आधी मानसिकता आणि मग योजना, मला वाटतं निम्मी मानसिकता त्या खिडकीवरच तयार होते. वेगळी रांग केली की रांगेतला आणि रांगेबाहेरचा असे दोन पक्ष पडतात. बाहेरच्याला वाटतं मी भरतो आणि हा खातो, मग तो कापाकापीला मत देतो. अमेरिकेत तर नुसत्या शब्दाने फरक पडतो, ‘वेल्फेअर’वर, म्हणजे सरकारी मदतीवरच, खर्च वाढवावा का विचारलं तर फार थोडे हो म्हणतात, तेच ‘गरिबांना मदत’ म्हटलं की कितीतरी जास्त, आणि हे तिथल्या सर्व्हेत वर्षानुवर्षं दिसतंय. कोर्पी आणि पाल्मे या दोघा स्वीडिश अभ्यासकांनी १९९८ मध्ये मांडलं होतं की जिथे मदत फक्त गरिबांवर नेम धरून दिली जाते तिथे विषमता उलट कमी हटते, कारण एकूण पैसाच कमी उभा राहतो. नंतरच्या अभ्यासांत हे नातं तेवढं घट्ट दिसलं नाही हेही सांगते, नाहीतर तू शोधून काढशील आणि मला ऐकवशील.

आणि तुझी बाजू अगदीच पोकळ नाही. लिंडबेक म्हणून स्वीडिश अर्थतज्ज्ञ होते, त्यांचं म्हणणं की भत्ते उदार असले तरी लोक आधी जुन्या सवयीने, लाजेने कमी घेतात, पण बरेच जण घ्यायला लागले की लाज हळूहळू झिजते. २००२ च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या वेळी स्वीडनमध्ये पुरुषांच्या आजारपणाच्या रजा वाढल्या होत्या, आता सगळ्यांची पोटं एकदम मॅचच्या वेळीच कशी बिघडली! म्हणजे नियम लोकांना बिघडवूही शकतो, मी नाही कुठे म्हणतेय.

पण तोच नियम दुसऱ्या बाजूनेही चालतो, आणि आता मूळ मुद्द्यावर येते, तुझ्या रजेवर. नॉर्वेने १९९३ मध्ये बाळंतपणाच्या रजेतले ४ आठवडे फक्त बापासाठी ठेवले, त्याने घेतले नाहीत तर सहसा वायाच. त्याआधी शंभरात तीन-चार बाप रजा घ्यायचे, पुढे काही वर्षांत निम्म्याहून जास्त घ्यायला लागले. तिथल्याच एका अभ्यासात दिसलं की भावाने रजा घेतली असेल तर माणसाने ती घेण्याची शक्यता शंभरात १५ ने वाढते, सहकाऱ्याने घेतली तर ११ ने, आणि वरच्या पदावरच्या माणसाने घेतली तर त्याहून जास्त. कुणी भाषण दिलं नाही, बाप घरी राहिला आणि परत गेल्यावर नोकरी जागेवर होती, हे बाकीच्यांनी डोळ्यांनी बघितलं.

तुझ्या वेळी बाबा तिसऱ्या दिवशी कामावर गेले, रजा नव्हतीच, आणि असती तरी घेतली नसती, लोक काय म्हणतील म्हणून. तुला रजा आहे. तू म्हणालास ऑफिसात कुणी पूर्ण घेत नाही म्हणून मीपण आठवडाभरच घेणार. सूनबाई काही बोलली नाही पण मला तिचा आवाज कळतो. तुझ्या हाताखाली ती सहा पोरं आहेत ना, त्यातल्या दोघांची लग्नं झालीयत म्हणालास, ती तुझ्याकडे बघूनच ठरवणार. तुझ्या साहेबाला मूल झालं तेव्हा तो किती दिवस घरी होता, हे विचारलंस का कधी?

फोन रविवारी कर, सकाळी.

तुझी आई