तेरचा अहवाल तेरच्या मुलीला वाचता यावा

माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

१९३८ साली इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन शहरातल्या एका घरात वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेनं ते शहर गाडलं, त्याआधीच ती भारतातून तिथं पोचली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिचं माहेर शोधताना अभ्यासक ज्या गावांची नावं घेतात, त्यांत आपल्या मराठवाड्यातलं तेर आणि भोकरदन आहे, कारण तिच्याशी नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती दोन्हीकडे मिळाल्या आहेत.

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात प्राचीन इतिहास शिकवतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं या तिघींची तुलना करायला घेतली. मुलगी तेरजवळच्याच गावची. नेपल्सच्या मूर्तीचे फोटो तिला मोबाइलवर पाच मिनिटांत मिळाले. भोकरदनच्या १९७३च्या उत्खननाचा अहवाल मात्र १९७४मध्येच छापलेला असूनही तो बघायला तिला दोन एसट्या बदलून एका ग्रंथालयात जावं लागलं. तिथं झेरॉक्स नाही, फोटो नाही. दिवसभर बसून तिनं आकृत्या पेन्सिलीनं वहीत उतरवून घेतल्या. ती वही मी पाहिली, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मंत्रिमहोदय, नुसत्या मूर्तीवरून फार थोडं कळतं. ती कोणत्या थरात होती, शेजारी कोणती नाणी आणि खापरं होती, यावर तिचा काळ ठरतो. पॉम्पेईच्या मूर्तीला डोक्यातून खाली गेलेलं छिद्र आहे. त्यामुळं ती आरशाची मूठ होती की एखाद्या मेजाचा पाय, हा वाद अजून चालू आहे. आपल्याकडच्या मूर्तींची मोजमापं, छेदचित्रं, मागच्या बाजूचे फोटो खुले असतील तर त्या वादात आपल्या मुलांनाही बोलता येईल. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेल्या पोसायडनच्या कांस्यमूर्तीचंही तेच. ग्रीकांचा हा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, हे भूमध्य समुद्राकाठच्या तशाच मूर्तींशेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही.

अथेन्समधल्या अगोराच्या, म्हणजे प्राचीन बाजारचौकाच्या उत्खननाच्या, १९३१पासूनच्या वह्या पानापानानं स्कॅन होऊन कुणालाही मोफत बघता येतात. हे मला फार मोठं वाटतं, कारण छापील अहवालात न आलेल्या नोंदीही त्यात आहेत. उलट इटलीच्या संस्कृती मंत्रालयानं २०२३मध्ये वारशाच्या छायाचित्रांवर किमान शुल्क बसवलं. अभ्यासकांनी जोरदार विरोध केला आणि २०२४मध्ये संशोधनपर प्रकाशनांना मोठी सूट द्यावी लागली. आपण त्या वाटेनं जायलाच नको.

तेरचं लामतुरे संग्रहालय आणि कोल्हापूरचं टाउन हॉल संग्रहालय आपल्याच खात्याकडे आहे. सुरुवात तिथूनच करता येईल. राज्याच्या खर्चानं झालेल्या उत्खननांचे अहवाल, फोटो, आराखडे आणि जुन्या नोंदवह्या नीट स्कॅन करून मोफत उपलब्ध करा. अभ्यासासाठी आणि छापण्यासाठी वेगळी परवानगी लागणार नाही, असं त्यावर स्पष्ट लिहा. विद्यापीठांकडच्या अहवालांसाठी आपण शब्द टाकलात तर तीही ऐकतील. प्रत्येक अहवालाचा मराठी सारांश जोडला तर गावातल्या शिक्षकालाही तो वर्गात वापरता येईल.

खुल्या फोटोंमुळं चोऱ्या वाढतील, अशी भीती घातली जाते. चोरीला गेलेली मूर्ती परत मागताना पुरावा म्हणून पहिल्यांदा जुना फोटोच लागतो. न खोदलेल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांचं नेमकं ठिकाण हवं तर गाळा, तेवढी काळजी योग्यच आहे.

त्या मुलीचा प्रबंध येत्या वर्षी पुरा व्हायचा आहे. तेरच्या मूर्तीचे चारी बाजूंचे फोटो आणि मोजमापं तिला अजून हवी आहेत.

आपला,
प्राचीन इतिहासाचा एक शिक्षक