तेराचा पाना, साडेतेराचे तोंड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिले होते, की सहाशे रुपयांत शेहेचाळीस नगांची चिनी टूलकिट घरपोच मिळत असताना तीनशेची एकटी पक्कड घेणे म्हणजे निव्वळ मिरवणे. मोडली तर दुसरी घ्या, तरी स्वस्तच पडते, असा त्यांचा हिशेब. हिशेबात चूक नाही. फक्त त्यांच्या घरचा नट वर्षातून दोनदा फिरत असावा. माझा दिवसातून दोनशे वेळा फिरतो.

महालात माझे कुलर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचे दुकान आहे. बत्तीस वर्षे झाली. नागपूरकरांना कुलर म्हणजे काय हे सांगायला नको. होळी आटोपली की गच्चीवरचे, गॅलरीतले सगळे कुलर एकदम आठवतात आणि पंधरा दिवसांत आख्ख्या शहराला मेकॅनिक हवा असतो. आठ महिने उन्हापावसात उभी राहिलेली, बोअरच्या पाण्याने पांढरी पडलेली चौकट, तिच्यावर पंख्याच्या मोटारीचे चार नट. बोल्ट ८ मिलिमीटरचा, नट १३ नंबरचा, म्हणजे १३ मिलिमीटर तोंडाच्या पान्याचा, आणि दोघे गंजून एकजीव झालेले. त्यातला पहिला नट सुटतो की गोल होतो, यावर माझी सकाळ ठरते.

दोन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलमध्ये माझी पान्यांची थैली ऑटोत राहिली. घाईत रस्त्याकडेच्या गाड्यावरून पान्यांचा एक चकचकीत सेट उचलला. अंगावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे चांगल्या पोलादाचे नाव ठोकलेले. (ठोकायला काही लागत नाही, ठसा असला की झाले.) संध्याकाळपर्यंत पाच नट गोल झाले. रात्री व्हर्नियर (बारीक माप घ्यायचे साधन) लावून पाहिला तर त्या नव्या पान्याचे, १३ नंबरचे तोंड साडेतेराच्या जवळ. एका दिवसात फाकले म्हणावे, तर त्यातल्या न वापरलेल्या १७ नंबरचीही तीच गत. तोंड सैल असले की पाना नटाच्या सपाट बाजूंवर बसत नाही, कोपऱ्यांवर बसतो. नट नवा आणि तेल लावलेला असेल तर तेवढ्यावरही निघून जाईल. आमच्याकडचा नट तसा नसतो. कोपरे मेले की मग ग्राइंडरने नट कापा, ठिणग्यांनी चौकटीचा रंग जाळा, आणि गिऱ्हाईक शेजारी उभे राहून म्हणणार, “काहून भाऊ, नट खोलाले एवढा वेळ?” एकेका नटाला अर्धा तास गेला. पाच नटांचे अडीच तास. सेटवर वाचवलेले पैसे त्यातच गेले, आणि जळलेल्या रंगाचे बोल मी ऐकून घेतले ते वेगळेच.

आता एक कबुली. ज्या व्हर्नियरने हे मोजले तो स्वतःच चिनी आहे, बॅटरीवरचा, नऊशे रुपयांचा. सहा वर्षे झाली, तक्रार नाही. माझ्या कामाला त्याची अचूकता पुरून उरते आणि त्याच्यावर जोर कधी पडत नाही. रबरी हातोडी, स्क्रॅपर, स्क्रू ठेवायची चुंबकाची वाटी, ब्रश, हे सगळे मी स्वस्तातलेच घेतो. तो शंभर-दोनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटरही माझ्याकडे आहे. बॅटरी तपासायला उत्तम. पण त्याच्या तोंडावर १० अँपिअरच्या भोकाजवळ ‘अनफ्यूज्ड’ असे त्यानेच छापलेले असते, म्हणजे त्या भोकाला आत फ्यूज नाही. तो घेऊन थ्री फेजच्या पॅनलमध्ये हात घालणारी माणसे मी पाहिली आहेत. मीटर खोटे बोलत नाही, वाचणारे कोणी नसते.

‘इम्पोर्टेड’ या शब्दाचीही गंमत वाटते. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये फिटर होते. १८७७ साली सुरू झालेली गिरणी, यंत्रे विलायती, त्यामुळे पानेही विलायती मापाचे. भंगाराच्या लिलावातून त्यांनी घेतलेला एक पाना अजून माझ्याकडे आहे. त्यावर ३/८ डब्ल्यू आहे. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ, नट-बोल्टांच्या मापाची इंग्रजी पद्धत. व्हिटवर्थच्या त्या जुन्या पद्धतीत आकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. तोंड मोजाल तर ०.७१ इंच, म्हणजे जवळपास नेमके १८ मिलिमीटर. तेव्हा इंग्रजांचा तो पाना मी आज १८ नंबरचा म्हणून चालवतो आणि तो कधी घसरलेला नाही. आमच्या लहानपणी ‘इम्पोर्टेड आहे’ म्हटले की लोक वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहत. आता तोच शब्द ऐकला की खाली ठेवतात. देश बदलला, समुद्र तोच.

चिनी म्हणजे टाकाऊ, असे मी म्हणत नाही. चांगल्या जर्मन, अमेरिकी कंपन्यांच्या खोक्यावरही ‘मेड इन चायना’ असते. कारखानदार ज्या भावाची ऑर्डर येईल त्या भावाचा माल बनवतो. एप्रिल २०२५ मध्ये नीती आयोगाचा हातअवजारे आणि पॉवर टूल्सवरचा अहवाल आला. त्यात चीनच्या तुलनेत आपल्याकडचा उत्पादनखर्च १४ ते १७ टक्के जास्त पडतो असे दिले होते. हा आकडा वाचून मी थोडा वेळ विचार करत बसलो. नाशिकच्या टपारिया कंपनीची किंवा जालंधरची एखादी चांगली पक्कड तीनशेला पडत असेल, तर तेवढाच जीव ओतलेली चिनी पक्कड अडीचशेला यायला हवी. ती सत्तर रुपयांना कशी येते? मधले एकशेऐंशी रुपये गेले कुठे? कोणीतरी पोलाद हलके घातले असेल, किंवा घडवण्याऐवजी ओतले असेल, किंवा लोहाराच्या भाषेत सांगायचे तर पाणीच पाजले नसेल, म्हणजे तापवून, विझवून कडक केले नसेल. वरून निकेलचे पाणी चढवले आहे, आतल्या धारेला पाणी नाही.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. लोहाओळीत, म्हणजे आमच्या लोखंडी सामानाच्या बाजारात, खरेदीला जाताना माझ्या खिशात एक जुनी तिकोनी कानस असते. पकडीच्या धारेवर हळूच फिरवायची. कानस घसरली तर धार कडक, कानसेने खाल्ले तर मऊ. मऊ धार एकदा खिळा कापेल, दुसऱ्यांदा तिच्यातच खाच पडेल. पक्कड मिटून उजेडासमोर धरायची, दोन धारांमधून फट दिसता कामा नये. सांध्यात हलते का पाहायचे. एक दुकानदार मला लांबूनच ओरडतो, “काका, घ्यायचं असन त घ्या, पण ते कानस खिशात ठेवा!” ज्या दुकानात कानस काढू देतात तिथूनच मी घेतो. ड्रिल बिटांचेही तेच. सोनेरी रंगाला भुलू नये. साध्या पोलादाचा बिट तापून निळा पडला की त्याची धार गेली समजा. खरा हाय स्पीडचा बिट लाल व्हायच्या बेताला आला तरी धार धरून राहतो. म्हणून तर त्याचे नाव तसे.

आणि ग्राइंडरची चकती. चार इंची चकतीवर कमाल फेरे छापलेले असतात, बहुधा मिनिटाला १५,३००, आणि मधल्या धातूच्या कड्यावर मुदत संपण्याचे वर्ष. औषधाच्या गोळीसारखी तिलाही मुदत असते, कारण तिला बांधून ठेवणारा राळेसारखा पदार्थ कालांतराने कमजोर होतो. ज्या चकतीवर यातले काहीच नाही ती मला फुकट देऊ नका.

हे सगळे माझ्यापुरते. मी बघून घेतो, मोजून घेतो, चुकलो तर माझा वेळ जातो. पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने.

मागच्या वर्षी एका प्रशिक्षण केंद्राने मला दर विचारला होता. मोटार दुरुस्तीच्या मुलांना वाटण्यासाठी पेट्या हव्या होत्या, एका पेटीत बावीस वस्तू. यादी लांबलचक, पण एकाही वस्तूपुढे पोलाद कुठले, मानक कुठले, घडीव की ओतीव, यातले काहीच नव्हते. होते ते एवढेच, की ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम. बावीस वस्तूंऐवजी आठ द्या, पण धड द्या, असे मी तोंडी सांगून पाहिले. “पेटी भरलेली दिसली पाहिजे,” असे उत्तर मिळाले. मी दर दिला नाही. ज्याने दिला त्याचीही चूक मी काढत नाही. मागितले तेच त्याने दिले.

त्याच तुकडीतला एक पोरगा पुढे माझ्याकडे कामाला आला. पेटी घेऊन आला, मोठ्या कौतुकाने. आयुष्यातली पहिली स्वतःची अवजारे. मे महिन्यात एका मोटारीचे बेअरिंग काढायचे होते. मी काउंटरवर होतो. त्याने माझा पुलर (बेअरिंग ओढून काढायचे अवजार) न मागता स्वतःचा लावला. काय चुकले त्याचे? तीन पायांचा पुलर, मधला स्क्रू आवळला, बेअरिंग हलेना, अजून आवळला, आणि एक पाय मोडून उडाला. भुवईवर लागला. चार टाके. अर्धा इंच खाली लागता तर मला हे पत्र लिहायला हात धजला नसता. मोडलेला तुकडा मी उचलून पाहिला. मोड खडीसाखरेसारखी दाणेदार. घडीव लोखंड आधी वाकते, माणसाला कळते, हात थांबतो. हे ओतीव होते. ते सांगून सवरून मोडत नाही.

पेटी निवडली कोणी, आणि टाके कोणाला पडले? तुमच्या त्या पत्रलेखकांच्या हिशेबात हा रकाना नाही, कारण त्यांच्या घरी घेणारा आणि वापरणारा एकच आहे. त्यांनी खुशाल सहाशेची पेटी घ्यावी. पडद्याचा रॉड आणि मुलाची सायकल तिच्यावर निघते. पण ठेकेदार मजुराला, मालक पोऱ्याला, केंद्र विद्यार्थ्याला अवजार देते तेव्हा पैसे एकाचे वाचतात आणि बोटे दुसऱ्याची असतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या, कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आहे. २०२४ मध्ये वर्ध्याला तिच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम झाला, तेव्हापासून आमच्या गल्लीतले एक सुतारदादा अधूनमधून विचारतात, काय काय घेऊ? मी त्यांना सांगतो, चार पटाशा, एक करवत, एक रंधा, एक ड्रिल. बस. त्यांना ते कमी वाटते. घरी बायको म्हणते, पंधरा हजारांत एवढंच? मला त्यांना समजावता येत नाही, हे खरे. भरलेली पेटी डोळ्यांना बरी दिसते, आणि सरकारी यादीपासून सुतारदादांच्या घरापर्यंत सगळ्यांचे डोळे सारखेच आहेत.

माझे मागणे छोटे आहे. अवजारांची खरेदी जिथे निविदेने होते तिथे नगांच्या आकड्याशेजारी भारतीय मानकाचा क्रमांक लिहावा आणि आलेल्या मालातला एक नग सर्वांसमोर मोडेपर्यंत ताणून पाहावा. मोडेल त्या नगाची किंमत मी देतो.

पोरगा आता बरा आहे. पहिल्या दोन पगारांतून त्याने पक्कड आणि रिंग पान्यांचा सेट घेतला. लोहाओळीत मी सोबत होतो, कानस त्याच्या हातात होती. पुलरचा मोडका पाय दुकानात खिळ्याला टांगून ठेवला आहे. यादी करणाऱ्यांपैकी कोणाला पाहायचा असेल तर अवश्य यावे. फक्त जूनपर्यंत सकाळी येऊ नये, त्या वेळी हातात नट असतो.

आपला,
एक कुलर मेकॅनिक,
महाल, नागपूर