मित्रास पत्र : मुलीला दुसरा खंड द्यावा का?

धरमपेठ, नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पहिला खंड झपाट्याने संपवून तुझी लेक आता दुसऱ्यासाठी हट्ट धरून बसली आहे, तेव्हा तो तिच्या हाती देण्याजोगा आहे का, हे मी आधी वाचून कळवावे, असे तू लिहिले होतेस. रिक यान्सी या अमेरिकन लेखकाच्या ‘द फिफ्थ वेव्ह’ या कादंबरीमालिकेचा दुसरा खंड, ‘द इन्फिनिट सी’ ही २०१४ची कादंबरी मी वाचून पूर्ण केली. माझे उत्तर सरळ आहे : द्यावी, मात्र तिच्यापाठोपाठ तूही वाचावीस, कारण वाचून झाल्यावर तिला बोलायला घरात कोणीतरी लागेल. शेवटचे रहस्य फोडायचे नाही, ही तुझी अट मी पाळतो. बाकीचे मोकळेपणाने लिहितो.

तू या मालिकेवरचा २०१६चा चित्रपट तेवढा पाहिला आहेस आणि तो पहिल्या खंडापाशीच थांबतो, म्हणून मागचा धागा थोडक्यात सांगतो. परग्रहवासीयांच्या पहिल्या तडाख्यात जगभरची वीज आणि यंत्रे बंद पडतात, दुसऱ्यात समुद्रकिनारे बुडतात, तिसऱ्यात पक्ष्यांमार्फत पसरलेला रोग उरलेल्यांपैकी बहुतेकांना संपवतो, चौथ्यात माणसाच्याच रूपात वावरणारे मारेकरी बंदुका घेऊन हिंडू लागतात आणि पाचव्यात अनाथ मुलांनाच सैनिक बनवून उरल्यासुरल्या माणसांवर सोडले जाते. दुसरा खंड सुरू होतो तेव्हा त्या लष्करी तळावरून निसटलेली मुले ओहायो राज्यातील एका मोडकळीला आलेल्या हॉटेलात दडून बसली आहेत. बाहेर बर्फ आहे, खायला फारसे नाही, आणि दारावर येणारा कोण आहे हे ओळखण्याचा कोणताही भरवशाचा उपाय कोणापाशी नाही.

ही शेवटची गोष्टच या खंडाचा गाभा आहे. प्रारंभीच्या छोट्या प्रकरणात गव्हाच्या शेतातून एक लहान मूल माणसांच्या आश्रयस्थानाकडे चालत येते. भुकेले, एकटे, रडवेले. त्याला आत घ्यायचे की नाही, यावर थोडी कुजबुज होते आणि अखेर माणुसकी जिंकते. त्या मुलाच्या घशात मात्र माणसाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडने पेट घेणारे स्फोटक बसवलेले असते. पहिल्या खंडातील अब्जावधी मृत्यू वाचताना मी विचलित झालो नव्हतो, कारण तेवढा मोठा आकडा मनात मावतच नाही. ही मोजकी पाने वाचल्यावर मात्र पुस्तक बाजूला ठेवावे लागले. शत्रूने आता शस्त्र बदलले आहे. शहरे बुडवून झाली. आता त्याला माणसाने माणसासाठी दार उघडण्याची सवय मारायची आहे, आणि त्यासाठी त्याला फारशी मुले खर्ची घालावी लागणार नाहीत. एकदा बातमी पसरली, की पुढच्या निरागस मुलावर माणसे स्वतःच गोळी झाडतील.

नागपुरात बसून हे वाचताना २०२१चा मार्च आठवल्यावाचून राहत नाही. १५ मार्चपासून शहरात पुन्हा कडक टाळेबंदी लागली होती, आणि जिन्यात शेजारी भेटला तर आपण दोघेही श्वास रोखून भिंतीला चिकटत होतो. सख्ख्या माणसाच्या श्वासाची भीती काय असते, हे तुझ्या लेकीच्या पिढीने अगदी लहान वयात पाहिले आहे. कादंबरी त्याच्या कितीतरी आधीची, त्यामुळे लेखकाच्या मनात ते नव्हते हे उघड आहे. पण आज वाचणाऱ्याच्या मनात ते असणार, आणि असू द्यावे. तशाच एका चिमुरडीच्या घशातून ते स्फोटक काढण्याचा प्रसंग पुढे हॉटेलात येतो, तेव्हा मी ती पाने खरोखर श्वास धरून वाचली.

येथे मला डॉ. जयंत नारळीकरांची ‘प्रेषित’ आठवली. तिथेही परग्रहावरून एक मूलच येते. पण ते माणसाच्या घरात वाढते आणि त्याच्या येण्यामागचा हेतू हे वाचकाच्या कुतूहलाचे कारण ठरते. आपण दोघांनी शाळेत असताना ती वाचली आणि परग्रहवासी म्हणजे अधिक शहाणा कोणीतरी, असा समज बरीच वर्षे जपला. यान्सीकडे तो दिलासा नाही. मुलीला दोन्ही वाचायला दे; कोणती आधी, हे तिचे तिने ठरवावे.

माणसांविषयी सांगायचे तर या खंडात पहिल्या खंडाची नायिका कॅसी मागे पडते आणि रिंगर पुढे येते, आणि माझ्या मते तेच या पुस्तकाचे बळ आहे. रिंगर बुद्धिबळाच्या डोक्याची, हिशेबी आणि कमी बोलणारी मुलगी आहे. टेहळणीसाठी ती एकटी बाहेर पडते, आणि तिच्यामागून गुपचूप निघालेल्या छोट्या टीकपला शत्रू समजून तीच गोळी घालते. घशातल्या स्फोटकापेक्षा हा प्रसंग मला अधिक भयंकर वाटला, कारण येथे शत्रूला काहीच करावे लागले नाही. त्याने पेरलेल्या संशयानेच काम केले. पुढे रिंगर त्या लष्करी तळाचा प्रमुख कमांडर व्हॉश याच्या हाती लागते. तिच्या शरीरात सूक्ष्म यंत्रणा सोडून तिला माणसापलीकडचे बळ दिले जाते, आणि पहाऱ्यावरच्या रेझर नावाच्या तरुणाबरोबर ती बुद्धिबळ व बेसबॉल यांची सरमिसळ करून रचलेला खेळ खेळू लागते. कोण कोणाला खेळवत आहे, हे कळायला वेळ लागतो. तेवढा वेळ दे.

मुलांपैकी पाउंडकेक हा न बोलणारा मुलगा मला सर्वांत जास्त लक्षात राहील. आई गेल्यापासून आणि धाकटा भाऊ हरवल्यापासून त्याची वाचा बंद झाली आहे. लेखकाने त्याला मोजकीच पाने दिली आहेत, पण त्यांत जेवढे सांगितले, तेवढे इतरांच्या लांबलचक स्वगतांत नाही.

दोषही लिहितो. कॅसी आणि पहिल्या खंडात तिला वाचवणारा इव्हन यांच्या प्रेमाची प्रकरणे मला कंटाळवाणी वाटली. शीर्षक शेक्सपिअरच्या ज्युलिएटच्या संवादावरून घेतले आहे म्हणून त्या प्रेमाला वजन येत नाही. निवेदक वारंवार बदलतो आणि सगळ्यांचे तिरकस बोलणे इतके सारखे आहे, की प्रकरण कोणाचे हे पाहायला मला मागे जावे लागले. शिवाय हॉटेलातली कथा आणि रिंगरची कथा एकमेकींना फारशा भेटतच नाहीत. मधल्या खंडाला ना स्वतःचा आरंभ ना स्वतःचा अंत, हे खरे. पण इथे मधला भाग जागोजागी रेंगाळतो, आणि निम्म्यावर मुलगी कंटाळली तर तिला रिंगरच्या प्रकरणांपर्यंत रेटून ने.

जाता जाता एक गंमत. यान्सी पूर्वी अमेरिकेच्या महसूल खात्यात करवसुली अधिकारी होता आणि त्या नोकरीच्या आठवणींचे त्याचे पुस्तकही आहे. आपल्याकडे छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत आयकर अधिकारी घडतात, तिथेही असा कोणी कादंबरीकार बसलेला असेल काय, असे मनात आले. थकबाकीदारांची दारे ठोठावण्यात वर्षे घालवलेल्या माणसाला, दार किलकिले करून पाहणारा चेहरा कसा दिसतो, हे नक्कीच ठाऊक असणार.

तू हिंसेविषयी विचारले होतेस. ती आहे, पुष्कळ आहे, आणि मरणारी माणसे बहुधा तिच्याच वयाची किंवा तिच्याहून लहान आहेत. शिवीगाळही आहे. पण मारण्याचा आनंद कुठेही रंगवलेला नाही. प्रत्येक गोळीचा हिशेब झाडणाऱ्याकडून चुकता केला जातो. झोपण्यापूर्वी मात्र वाचू देऊ नकोस. इंग्रजी अवघड नाही, वाक्ये तुटक आणि वेगवान आहेत.

माझी प्रत पुढच्या आठवड्यात धाकटा भाऊ पुण्याला येईल त्याच्याबरोबर पाठवतो. कडेला पेन्सिलीने केलेल्या माझ्या खुणा पुसून टाक, नाहीतर तिला पुढचे आधीच कळेल. वाचून झाल्यावर रेझरने शेवटी जे केले ते तिला पटले का, एवढे तिलाच लिहायला सांग. माझे मत अजून ठरलेले नाही आणि २०१६चा तिसरा खंड ‘द लास्ट स्टार’ उघडण्यापूर्वी मला तिचे ऐकायचे आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा स्नेहांकित