सूचना : गणपतीला गावी गाडीने जाणाऱ्या सभासदांसाठी

सभासद बंधू-भगिनींनो,

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये पनवेल-इंदापूर टप्प्यापासून सुरुवात झाली. तेव्हा बालवाडीत असलेली पोरं आता गाडी चालवायला लागली; त्यांच्याच हाती स्टिअरिंग असेल, तर हे जरूर वाचून दाखवा.

शक्यतो रात्री निघू नका. पाण्याने भरलेला खड्डा हेडलाइटमध्ये सपाट रस्त्यासारखाच दिसतो. गेल्या वर्षी माणगावच्या अलीकडे आमचं पुढचं चाक असंच आत गेलं, टायर फुटला आणि रिमही वाकली. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर मखराचं सामान होतं; ते सोडा, तिचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. म्हणून मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचाच.

डायव्हर्जनवर ओव्हरटेक नको. पुढच्याने खड्डा चुकवायला अचानक गाडी वळवली, तर ब्रेक मारायला जागा हवी. दुचाकीवर लहान मुलांना घेऊन एवढं अंतर कापू नये, हे माझं स्पष्ट मत. राग आला तरी चालेल.

निघण्यापूर्वी टायरची हवा, स्टेपनी, जॅक आणि वायपर पाहून घ्या. खोपोली-पाली-वाकण मार्गाने गेल्यास पनवेल ते वाकण हा पट्टा टळतो.

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३.

कोण कधी निघणार ते आपल्या ग्रुपवर कळवा, म्हणजे दोन-तीन गाड्या एकत्र काढता येतील.

– सचिव