सुपरमॅनचे जन्मदाते

महोदय,

सुपरमॅनचा विषय निघाला की त्याचा क्रिप्टॉन ग्रह, त्याला पृथ्वीवर आणणारं यान, त्याला वाढवणारं केन्ट दांपत्य हे सगळं येतं. पण त्याचा जन्म झाला अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये, जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन शाळकरी मित्रांच्या डोक्यात. दोघंही स्थलांतरित ज्यू घरांतले. १९३२ मध्ये जेरीच्या वडिलांच्या दुकानात चोर शिरले आणि त्या गोंधळात वडील कोसळले, ते गेलेच. पुढे याच मुलाने गोळ्यांनाही न बधणारा नायक लिहावा, हे मला फार आत लागतं.

१९३८ मध्ये सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला, त्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात त्याच्या जन्मकथेला जेमतेम एक पान होतं. अनाथालयातलं ते बाळ भलीमोठी खुर्ची डोक्यावर उचलतं आणि कर्मचारी बघतच राहतात! ग्रहाचं नावही तेव्हा छापलेलं नव्हतं.

या नायकाचे सगळे हक्क १३० डॉलरला प्रकाशकाकडे गेले. १९७५ मध्ये, बऱ्याच झगड्यानंतर, दोघांना वार्षिक २०,००० डॉलरचं निवृत्तिवेतन मिळालं आणि नावं पुन्हा छापली जाऊ लागली. जोची नजर तोवर जवळजवळ गेली होती.

मुलांच्या पुरवणीत सुपरमॅनचं चित्र छापाल, तेव्हा खाली ही दोन नावं जरूर द्या.

– एक वाचक, सातारा